हाकेतला धोंडा

नावात काय आहे, हा प्रश्न बहुधा त्यालाच सुचतो, ज्याचे नाव लोक आदराने व पुरते उच्चारतात. आपल्याकडे मुले जगत नसली की आईबाप नव्या जिवाला धोंडू, दगडू, कचरू म्हणत. असल्या टाकाऊ वस्तूकडे मृत्यूची नजर वळू नये, ही त्यामागची माया. ती मायेची रीत अनेक जातींत होती. महर्षी कर्वेही धोंडोच. पण एका घरचा धोंडू मोठेपणी धोंडोपंत होई आणि दुसऱ्या घरचा मरेपर्यंत धोंड्याच राही. नाव तेच, अंतर हाक मारणाऱ्याच्या जिभेत होते. त्या जिभेला शास्त्राचा आधारही होता. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे निंदादर्शक, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मग विदर्भात, आणि तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या आमच्या गोंदियाकडेही, सिद्धार्थ, गौतम, आनंद, राहुल ही नावे पाळण्यांत येऊ लागली.

राहुल हे बुद्धपुत्राचे नाव. परंपरा त्याचा अर्थ 'बंधन' असा सांगते. घर सोडू पाहणाऱ्या सिद्धार्थाला पुत्रजन्माची वार्ता बेडीसारखी वाटली, अशी कथा आहे. मुक्तीची वाट धरलेल्यांनी बंधनाचे नाव घ्यावे, यात व्युत्पत्तिकारांना विसंगती दिसेल. मला दिसत नाही. स्पेनमधले राऊल हे नाव कानाला राहुलसारखेच लागते, पण ते जर्मानिक कुळातले. त्याच्या मुळाशी मसलत आणि लांडगा हे शब्द आहेत. म्हणून तिकडची आई मुलाला हाक मारताना लांडगा का मनात आणते? नावाचा अर्थ धातूत थोडाच असतो. ते कोणाची आठवण देते, यात तो असतो.

नाव बदलून पोट भरत नाही, असे शहाणे म्हणतात. खरे आहे. पण पोट भरलेल्या माणसालाही मान ताठ लागतेच.

आज राहुल सर्व जातींच्या घरांत आहे. वर्गात हजेरी घेताना त्या नावावरून जात कळत नाही, म्हणून बाहेर कोणी हळूच विचारतो, "आडनाव काय?" मुलाला वाकवणार नाही असे नाव देऊन आईबापांनी आपले कर्तव्य केले. उरलेले कर्तव्य हा प्रश्न विचारणाऱ्याचे आहे.