दहापैकी किती?

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती?’ समोरची बाई घुटमळते. मग म्हणते, ‘आग होते हो. पायाला मिरची चोळल्यासारखी. आणि पोटाभोवती परकराची नाडी कुणी करकचून बांधलीये, असं दिवसभर वाटतं.’ केसपेपरवर सात हा आकडा पडतो. मिरची आणि नाडी ओपीडीतच राहतात.

खरं तर निदान त्या दोन शब्दांतच होतं.

ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणजे मेरुरज्जूचा दाह. करंगळीएवढ्या जाडीची, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची ही दोरी एखाद्या ठिकाणी सुजते आणि त्याखालच्या शरीराचा मेंदूशी संपर्क विस्कटतो. काही तासांत किंवा फार तर तीन आठवड्यांत पाय लुळे पडतात, लघवी अडते, छातीखाली बधिरपणा येतो. दर दहा लाखांत वर्षाला एक ते आठ जणांना होणारा हा आजार. कधी तो एकटाच येतो, कधी मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मोठ्या आजाराचं पहिलं पाऊल असतो. शिरेतून स्टेरॉइड दिलं जातं, त्याने भागलं नाही तर प्लाझ्मा बदलला जातो. पुस्तकांतला ढोबळ हिशेब असा, की एक तृतीयांश रुग्ण चांगले सुधारतात, एक तृतीयांशांत काही दोष उरतो आणि उरलेल्यांना मोठं अपंगत्व येतं. पण हा हिशेब मुख्यतः चालणं, ताकद आणि लघवीवरचा ताबा यांचा आहे. रुग्ण काठी टाकून चालायला लागला की घरी पेढे वाटले जातात. दुखणं मात्र बऱ्याचदा त्यानंतरच खरं पाय रोवतं.

याचं कारण मेरुरज्जूच्या रचनेत आहे. वेदना आणि उष्णतेचे निरोप नेणारे तंतू दाहात जखमी झाले की वरच्या पेशी गप्प बसत नाहीत. खालून निरोप आलेला नसतानाही त्या पेटत राहतात. जिथे टाचणी टोचलेली कळत नाही, तिथेच आग होते. चादरीचा स्पर्श सोसवत नाही. मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका उतरतो. सूज ओसरली, एमआरआय निवळला, तरी हे थांबेलच असं नाही. शेजारीपाजारी मात्र ‘मणक्यात गॅप असेल’ म्हणून पट्टा आणि मालिश सुचवत राहतात.

रिपोर्ट गप्प असतो तेव्हा बोलणंच पुरावा ठरतं. फ्रेंच संशोधकांनी २००५ मध्ये मज्जासंस्थेतली वेदना ओळखण्यासाठी दहा गुणांची एक छोटी चाचणी मांडली. त्यातले सात गुण निव्वळ वर्णनाचे आहेत : जळजळ, दुखवणारा गारठा, विजेचे झटके, झिणझिण्या, टाचण्या, बधिरपणा, खाज. चार गुण मिळाले तरी संशय पक्का. त्याआधी १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅकने वेदनेच्या ७८ विशेषणांची प्रश्नावली केली होती. मराठी माणसाला अशा यादीचं अप्रूप वाटू नये. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, खरचटलेलं चुरचुरतं, पाठीत चमक भरते, कळ येते आणि जाते, मुंग्या येतात, तळवे रवरवतात. एवढी ऐवजदार भाषा जवळ असताना आकडा मागायचा, हे सावकाराच्या घरी चिल्लर मागण्यासारखंच.

आकडा निरुपयोगी आहे असं नाही. त्याच रुग्णाचा गेल्या महिन्यातला आठ आणि आजचा पाच यांतून औषधाचा गुण कळतो. पण आठ कशाचे, हे आधी ऐकायला हवं.

फ्रेंच कादंबरीकार आल्फोन्स दोदे याने ते लिहून ठेवलं. त्याचा आजार वेगळा, सिफिलिसने मेरुरज्जू पोखरल्याचा. पण बरगड्यांभोवतीचं ते आवळणं त्याच्याही वाट्याला आलं होतं. त्याने त्याला चिलखत म्हटलं. शार्कोसारख्या नामांकित डॉक्टरच्या सल्ल्याने त्याला टांगून ताणण्याचा उपचारही झाला. हाती काही लागलं नाही, नोंदी तेवढ्या राहिल्या. त्या छापल्या गेल्या १९३० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी.

आज गोळ्या आहेत, पण त्यांची अडचण त्यांच्या कुळात आहे. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही मुळात फिट्सची औषधं; अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन नैराश्याची. ती मज्जातंतूंचा गोंगाट कमी करतात म्हणून इथे दिली जातात. घरातलं कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं आणि निकाल लागतो : ‘म्हणजे मनाचंच आहे तर!’ शिवाय औषधाच्या चाचण्यांत दुखणं निम्म्याने उतरलं तरी मोठं यश मानतात. उरलेलं निम्मं घेऊन रुग्णाने कामावर जायचं असतं आणि लोकलच्या दिव्यांग डब्यात ‘तुम्हाला काय झालंय?’ याचं उत्तर द्यायचं असतं.

व्याख्या बदलल्या आहेत. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये नोंदवलं, की माणूस दुखतं म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःची जागा आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, हेही थोडं नाही. पण सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागतं आणि ते मोजायला बसलं की सगळा भर स्नायूंच्या ताकदीवर आणि हालचालीवर जातो. चालत आत आलेल्या माणसाची आग त्या टक्क्यांत कुठे बसवायची?

घरात मोजमाप निराळं चालतं. या आजारात उकाड्याने लक्षणं वाढू शकतात, म्हणून मे महिन्यात पंखा हवाच. आणि पंख्याचा वारा पायावर आला की कातडी सोलल्यासारखं होतं, म्हणून तो नको. रात्री साडेदहाला नवरा रेग्युलेटरपाशी उभा राहून विचारतो, ‘दोनवर ठेवू?’ ती पाय आधी चादरीच्या बाहेर काढते, मग आत घेते. ‘एकवर ठेवून बघा,’ म्हणते.