लढाई नकोशी, म्हणून जवानही?

परमुलखात लढून मेलेल्या जवानाची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये राहताना टाळता येत नाही. इथून जवळच, कोडंबाक्कमच्या झकारिया कॉलनीत, 19 जून 1990 रोजी श्रीलंकेतल्या फुटीर तमिळ लिट्टे संघटनेने भारताच्या बाजूचे तमिळ नेते के. पद्मनाभ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठार मारले. त्याच्या तीन महिने आधीच, भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेच्या शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या होत्या. तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडणाऱ्या सैन्याचे स्वागत कसले, ही त्यांची भूमिका. तिच्यामागचे दुःख खरे होते; जाफन्यात निरपराध तमिळही मेले. पण सुमारे 1,200 भारतीय सैनिक परतलेच नव्हते, आणि ती लढाई करायची की नाही हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

पूर्वी तर नावाचाही मान नव्हता. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींतले कितीतरी जवान तिकडेच राहिले. 1929 साली बसऱ्याला स्मारक झाले. गोऱ्या शिपायाचे नाव दगडात कोरले गेले, हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. आईने बोट कुठे ठेवायचे?

स्वातंत्र्यानंतर अडचण बदलली. इंग्रजांसाठी मेलेला आपला कसा, असे वाटू लागले. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडला, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतला एकही जण धड उरला नव्हता. तो एकटा धावत गेला, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने झोडपून मारले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडे सक्तीची भरती नव्हती. दुसऱ्या महायुद्धातले 25 लाख हिंदी सैनिक कागदोपत्री स्वखुशीने गेले. कोकणातल्या घराला मनीऑर्डरची गरज होती, ही सक्ती कागदावर येत नाही. इटलीतल्या मोंतोने गावात 2023 साली घाडगेच्या नावाचे स्मारक उभे राहिले.

लढाई आणि लढणारा यांचा हिशेब वेगळा मांडायला अमेरिका व्हिएतनामनंतर शिकली. तिथे सक्तीने नेलेली पोरे मेली होती. 1982 साली वॉशिंग्टनला त्यांच्या स्मारकाची भिंत झाली. तिच्यावर लढाईचे गुणगान नाही, फक्त 58,000 नावे. युद्धाला विरोध करणाराही तिच्यापुढे उभा राहू शकतो. मला हा विचार पुरता पटतो.

आपण तिथवर फार उशिरा आलो. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी 8 महारच्या जवानांबरोबर जाफन्यात लढत होते. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. आर्काट रोडवरची लष्करी वसाहत त्यांच्या नावाची आहे. पण बाकीच्यांचे काय? ज्या देशाला ही सेना नकोशी झाली होती, त्या श्रीलंकेने कोट्टेला शांतिसेनेचे स्मारक बांधले. आपले दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक मात्र 2019 मध्ये झाले.

महार आणि मराठा पलटणींत आपल्याच जिल्ह्यांतली पोरे भरती होतात. तुमच्या तालुक्यातले कोण कोण श्रीलंकेतून परतले नाहीत, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा आणि ती नावे येत्या 25 नोव्हेंबरला गावच्या शाळेत वाचा.