लोकेशन पाठव ना

माझी मामेबहीण आंबोलीत राहते. घरच्या तीन-चार खोल्या पाहुण्यांना देतात, त्याचं बुकिंग ती बघते. पावसाळ्यात फोन हातातून सुटत नाही आणि पावसाळा संपला की करायला फारसं काही नसतं. गेल्या वर्षी ती म्हणाली, "दादा, माका लिवचा आसा, पण काय लिवचा ताच कळणा नाय."

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं: एकच विषय पकड, लोक काय शोधतात ते बघ आणि तेच दे. तिनं ते आधीच बघून ठेवलं होतं. आंबोलीबद्दल लोक विचारतात ते पाऊस, धबधबे, कावळेसादला उलटं उडणारं पाणी, आणि बेडूक. प्रत्येक फोटोखाली मागणी एकच, "लोकेशन पाठव ना." म्हणजे दिशा आयतीच मिळाली होती. ती घ्यावी का, एवढाच प्रश्न होता, आणि तो मला वाटला होता तितका सोपा निघाला नाही.

बेडकापासून सुरुवात करू. आंबोली टोड नावाचा एक छोटा प्राणी आहे, शास्त्रीय नाव झँथोफ्रीन टायग्रिना. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून टायग्रिना. शास्त्राच्या वहीत त्याची नोंद झाली ती २००९ साली. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या जांभ्या दगडात जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. डबकं कसलं, बोटभर खोल पाणी. त्यात एक बूट पडला की एका कुटुंबाचं वर्ष संपलं. आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. तर, ही डबकी नेमक्या कुठल्या सड्यावर आहेत ते लिहायचं का?

नाही म्हणायला भक्कम कारण आहे. दक्षिण चीनमधल्या एका पालीचं, गोनियुरोसॉरस लुई हिचं, वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झालं. शास्त्रीय शिस्तीप्रमाणे त्यात ती कुठे सापडली तेही होतं. पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला इतका भाव आला की पकडणाऱ्यांनी ती मूळ जागा रिकामी केली. पुढे त्याच कुळातल्या नव्या पालींची वर्णनं लिहिताना संशोधकांनी ठिकाण मुद्दाम गाळलं. ज्यांचा धंदाच नेमकेपणाचा, त्यांना नेमकेपणा सोडावा लागला.

इथेच थांबलो असतो तर नियम सरळ होता: नाजूक जागेचं नाव घेऊ नये. पण आंबोलीतच याच्या उलट घडलेलं आहे.

हिरण्यकेशी नदी आंबोलीत एका गुहेतून उगम पावते. तिथे महादेवाचं देऊळ आहे, समोर कुंड आहे. त्या पाण्यातल्या एका छोट्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली. प्रवीणराज, ठाकरे आणि बालसुब्रमणियन असे तीन संशोधक. माशाचं नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. म्हणजे पत्ता लपवणं सोडा, तो नावातच कोरला. झालं काय? पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ती सुमारे दोन हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. (तीनपैकी एका संशोधकाचे वडील तेव्हा मुख्यमंत्री होते, हेही सांगायला हवं. प्रत्येक माशाचं नशीब इतकं जोरावर नसतं.)

तरी नुसत्या वशिल्यावर हे ढकलता येत नाही. मला फरक दिसतो तो देवळाचा. त्या कुंडावर आधीपासून कुणाची तरी नजर होती. पुजारी, गावकरी, महाशिवरात्रीला येणारे लोक. कुणी जाळं घेऊन उतरला तर हटकणारा माणूस तिथे हजर होता. पालीच्या बाबतीत माहिती पोचली आणि राखणदार मात्र कुणी नव्हता. सड्यावरच्या डबक्यापाशीही जूनच्या रात्री दोन वाजता कुणी उभं नसतं.

म्हणून माहिती उघड करणं चांगलं की वाईट, असं सुटं विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. ती वाचून जो तिथे पोचेल त्याला "ए, कोण रे तू?" विचारणारं तिथे कुणी आहे का, हे आधी बघावं. असेल तर खुशाल लिहावं. नसेल तर निदान जागा गाळावी.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. जागा गुप्त ठेवल्या की त्या फक्त ओळखीपाळखीवाल्यांच्या होतात. मोठा कॅमेरा, ओळखीचा गाईड आणि तीन दिवसांची सुट्टी असलेला माणूस टोड बघतो. बेळगावहून एसटीनं आलेल्या मुलीला सांगितलं जातं की निसर्गाला त्रास देऊ नकोस. हा अन्याय आहेच. पण त्याची भरपाई बेडकानं का करावी, हेही मला कळत नाही.

लिहिणाऱ्याला दिशा कशी मिळते याचा विचार करताना मला याच जिल्ह्यातला एक तरुण आठवला. बाळशास्त्री जांभेकर, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो. मला त्याची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. राज्य करणारे आणि ज्यांच्यावर राज्य चाललंय ते, दोघांसमोर एकच पान. साहेबाला एक आणि आपल्या माणसाला दुसरंच सांगायची सोय त्यात उरत नाही. दोन्ही भाषा येणारा कुणीही ताडून बघू शकतो.

मी बहिणीला म्हटलं, तू असे दोन रकाने धर. एक येणाऱ्या पाहुण्यासाठी, एक वाडीतल्या माणसासाठी. पाहुण्याला जे सांगशील ते शेजारच्या काकींनी वाचलं तर चालेल का? आणि काकींना जे सतत बोलायचं असतं ते पाहुण्याच्या रकान्यात कुठे दिसतंय का?

पहिल्या प्रश्नानं काही गोष्टी गळतात. दुसऱ्यानं मात्र पंचाईत होते. कारण आंबोलीवर एवढं लिहिलं जातं, त्यात धुकं असतं, मक्याचं कणीस असतं, आणि जमीन अजिबात नसते. आंबोली, चौकुळ, गेळे या तीन गावांतल्या मोठ्या जमिनीचा 'कबुलायतदार गावकर' म्हणून जो प्रश्न आहे, तो बाहेरच्या वाचकानं ऐकलेलाही नसतो. सावंतवाडी संस्थानच्या काळात ही जमीन गावकऱ्यांना सामाईक कसायला मिळालेली. पुढे १९९९ साली सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावावर कागदच नाही, आणि कागद नाही म्हणजे त्या जमिनीवर कर्ज नाही. त्यानंतर बैठका, मोर्चे, वाटपाची आश्वासनं. गावात चार माणसं जमली की बोलणं फिरून तिथेच येतं.

तिला मी सांगितलं, लिहायचं तर हे. ती म्हणाली, "ह्या कोण वाचतला?" प्रश्न रास्त आहे. यानं बुकिंग वाढणार नाही आणि फोटोही चांगला येणार नाही, कारण सातबाऱ्याला धबधब्याची सर नाही. शिवाय टोडबद्दल गप्प बसलं तर कुणी नाराज होत नाही. जमिनीबद्दल लिहिलं की वाटप कसं व्हावं यावर मामाच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात जी मतं आहेत ती एकमेकांसमोर येणार. आणि ती लिहिणार त्याच वाडीत बसून.