सब्र कुणी करायचा?

"बेटा, सब्र कर." वर्गात हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याची मोजदाद नाही. नववीतली एक मुलगी महिना-दीड महिना गप्प असायची. डबा न उघडताच घरी न्यायची, उत्तरपत्रिका कोरी द्यायची. मी तिला तिच्याच बाकावरच्या मुलीचे उदाहरण दिले. तिचे वडील वारलेले, घरी शिलाईला हातभार लावते, तरी वर्गात पहिली! ती खाली मान घालून म्हणाली, "टीचर, मेरे में उतना सब्र नई है."

बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. या वाक्याचे उत्तर त्यात नव्हते. पुढे एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांच्या संशोधनाविषयी वाचले. हवाई बेटांपैकी कवाईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातले कलह, आईबापांचे व्यसन किंवा मनोविकार असे चार वा अधिक धोके वयाच्या दोन वर्षांच्या आतच ज्यांच्या वाट्याला आले, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुले तरीही खंबीर निघाली.

भाषणात सांगायला हा आकडा फार सोयीचा. पण त्या मुलांच्या पाठीशी कुणी ना कुणी होते. आजी, मावशी, शेजारीण, एखादा शिक्षक. स्वभावाचाही वाटा होता, पण तोही काही कुणाची कमाई नव्हे. शिलाईवाल्या मुलीची नानी रात्री तिच्याजवळ जागत बसते, हे मला नंतर कळले. दुसरीजवळ मी होते, आणि मी तिची तुलना केली.

मग जी खचली, ती बेसब्र? याकूब (अलै.) यांच्या सब्राचे दाखले आपण देतो, युसूफच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले, हेही कुरआनातच आहे. चौदा वर्षांच्या पोरीच्या उदासीला मात्र आपण 'नखरे' म्हणून मोकळे होतो. वयात आल्यावर मुलींत नैराश्य मुलांच्या जवळपास दुप्पट आढळते, तरीही.

कवाईची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. किशोरवयात घसरलेल्यांपैकीही बरेचजण पुढे तिशी-चाळिशीत सावरले. कुणाला पुन्हा शिकायला मिळाले, कुणाला चांगला जोडीदार, कुणाला श्रद्धेचा आधार.

तिला डॉक्टरांकडे न्यायला हवे, हे तिच्या अम्मीला पटवायला दोन महिने लागले. आता मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसते. फारसे बोलत नाही. मी डबा उघडून अर्धी चपाती तिच्यापुढे सरकवते. कधी खाते, कधी नाही.