खिचडी खाल्लेली एकादशी

आषाढी-कार्तिकीला आमच्या लॅबमध्ये हा संवाद ठरलेला. "काकू, उपाशीपोटी आलात ना?" "अगं, आज एकादशीच आहे! सकाळी वाटीभर खिचडी, बस." मी सुई बाजूला ठेवते आणि उद्या यायला सांगते. काकू दुखावतात. त्यांचा उपास शाबूत असतो आणि माझ्या लेखी त्या जेवून आलेल्या असतात.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो पचून रक्तातली साखर चढू लागली की स्वादुपिंड काही मिनिटांत इन्सुलिन सोडतं. मधुमेह नसेल तर दोन-तीन तासांत साखर पुन्हा जागेवर. रिपोर्ट नॉर्मल येतो; त्यासाठी इन्सुलिनला किती राबावं लागलं, ते मात्र त्यात कुठे दिसत नाही. दाण्याचं कूट आणि तूप यांमुळे पोट सावकाश रिकामं होतं, चढ थोडा सौम्य होतो, एवढंच. इन्सुलिनलाच विचारलं तर मटकीची उसळ साबुदाण्यापेक्षा कितीतरी सात्त्विक ठरेल. पण ती एकादशीला चालत नाही.

गंमत म्हणजे साबुदाण्याचा कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुळलेली. जुन्या शास्त्रकारांनी ती पाहिलीच नव्हती, मग निषिद्ध तरी कशी ठरवणार?

हल्ली उपासाची बाजू घ्यायला लोक इन्सुलिनलाच साक्षीला बोलावतात. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणे! रात्रभर पोट रिकामं राहिलं की इन्सुलिन उतरतं, यकृत साठवलेली साखर सोडतं, चरबी वापरली जाऊ लागते, हे खरंच आहे. पण हे नास्तिकाच्या पोटातही तसंच घडतं. फायद्यासाठी पाळलं ते पथ्य. पथ्य जरूर पाळावं, त्यात विठ्ठलाला कशाला ओढायचं? माझ्या सासूबाई एकादशीला दिवसभर पाण्यावर असत. त्यातून काय मिळतं असं कुणी विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळत नसे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की निराहारी माणसाचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. हा श्लोक मला लॅबमध्ये बसून जास्त पटतो. अन्नाची चव जिभेला लागताच, रक्तातली साखर हलण्याआधीच, स्वादुपिंड थोडं इन्सुलिन सोडू शकतं. प्रमाण अगदी किरकोळ, आणि सगळ्यांत सारखं नाही. तरीही घास पोटात पोचण्याआधी जिभेची वर्दी तिथं पोचलेली असते. म्हणजे खिचडी चालते की नाही हा वाद जिथं घालतो, तिथं उपासाचा खरा प्रश्न नसावाच. तो जिभेशी आहे.

मी स्वतः एकादशीला खिचडी खाते, वर दही घेऊन. दही त्यातल्या साखरेच्या मानानं इन्सुलिन जास्तच वाढवतं, हे ठाऊक असून.