शोकाच्या घरी नाताळ

डिसेंबर उजाडला की एक प्रश्न हमखास माझ्यापुढे येतो, "फादर, यंदा आमच्या घरात दुःख आहे. नाताळ करावा की करू नये?" वर्षभरात घरातले माणूस गेलेले असते. अनेक कुटुंबांत त्या वर्षी गोडधोड होत नाही, दारी ताराही लागत नाही. शोकाचा मान राखणे योग्यच होय. परंतु आनंद करणे हा मृतांशी द्रोह ठरतो काय?

या प्रश्नाचा विचार करताना मला युक्रेनमधील एका पेयाचे स्मरण होते. त्याचे नाव उझवार. उन्हाळ्यात व शरदात पिकलेली सफरचंदे, नासपाती, आलुबुखार वाळवून ठेवतात. नाताळच्या पूर्वसंध्येला ती पाण्यात उकळून, मध घालून, झाकून मुरू देतात. त्या दिवशी पहिली चांदणी दिसेपर्यंत उपवास असतो. नंतर बारा प्रेषितांच्या स्मरणार्थ मांस व दूधदुभते वर्ज्य केलेले बारा पदार्थ मेजावर येतात.

त्यांत दोघांना विशेष मान आहे. एक कुत्या, म्हणजे शिजवलेले गहू, खसखस आणि मध यांची खीर, दुसरा उझवार. पूर्वी दोन्ही भांडी घरातील पवित्र चित्रांखाली, वाळलेल्या गवतावर ठेवीत. ते गवत म्हणजे बाळ येशूच्या गव्हाणीची खूण. कुत्याचे नाते मृतांच्या स्मरणाशी. उझवारचे नाते जन्माशी, कारण बाळ जन्मले की तो करण्याची रीत होती. मृत्यू आणि जन्म एकाच गव्हाणीत शेजारी!

२०२२ साली सुरू झालेल्या सर्वंकष आक्रमणाने तेथील असंख्य घरे शोकात लोटली. २०२३ पासून तेथील ग्रीक कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चने नाताळ ७ जानेवारीऐवजी २५ डिसेंबरला साजरा करण्यास आरंभ केला. तारीख बदलली, मेजावरील कुत्या आणि उझवार कायम राहिले.

वाळलेले फळ पाण्यात पुन्हा ताजे होत नाही. त्याच्या सुरकुत्या राहतातच. परंतु त्याने जपलेला गोडवा पाण्यात उतरतो आणि सर्वांना वाटता येतो. आपली माणसेही होती तशी आपल्या मेजावर परतणार नाहीत. त्यांनी दिलेले प्रेम मात्र वाटायचे की कुलूपबंद ठेवायचे, हे आपल्या हाती आहे.

म्हणून मी त्या कुटुंबांना सांगतो, गाजावाजा नको असेल तर करू नका. पण गव्हाणी मांडा, गेलेल्याचे नाव घेऊन प्रार्थना करा आणि शेजारच्या मुलांच्या हातावर काही गोड ठेवा. डोळे ओले असले तरी ख्रिस्तजन्माचे स्वागत करता येते.