पक्षाच्या रकान्यात काय लिहावं?

अमेरिकेतल्या सुमारे तीस राज्यांत मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो. भारतातल्या मतदारयादीत अशी नोंद नसते, त्यामुळे महाराष्ट्रातून तिकडे गेलेला माणूस त्या रकान्यापाशी हमखास अडखळतो. पेनसिल्व्हेनियात त्याला विशेष वजन आहे, कारण तिथली प्रायमरी 'बंद' आहे. पक्षाचा उमेदवार कोण हे प्रायमरीत ठरतं. ती निवडणूक सरकारी यंत्रणा घेते, पण त्या पक्षाखाली नोंदलेल्यांनाच तिच्यात मत देता येतं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र कुणीही कुणालाही मत द्यावं, रकाना आड येत नाही.

फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरात राहणारी आत्या कित्येक वर्षं एकाच पक्षाखाली नोंदलेली आहे. तिच्या भाचीनं नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. पक्ष कोणता, हे इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. पेच दोन्ही पक्षांच्या मतदारांना सारखाच आहे.

भाची : आत्या, माझं ठरलंय. पक्षाच्या रकान्यात 'कोणताही नाही' यावर खूण करणार. शपथ घेतली ती घटनेची, कुठल्या पक्षाची नाही.

आत्या : कर की. पण मे महिन्यातल्या प्रायमरीला काय करशील?

भाची : मे महिन्यात काही नाही. नोव्हेंबरात मत देईन.

आत्या : नोव्हेंबरात ठरवायला उरतं काय, ते बघ. शेजारच्या फिलाडेल्फियात 1952 पासून महापौर डेमोक्रॅटच आहे. 2023 च्या प्रायमरीत शेरेल पार्कर जिंकल्या, त्याही सुमारे एकतृतीयांश मतांवर, आणि शहराचा महापौर त्याच दिवशी ठरला. नोव्हेंबरात त्यावर फक्त शिक्का बसला. आपल्या शाळा मंडळाचंही तेच. त्याचा उमेदवार दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उभा राहू शकतो, आणि दोन्हीकडे जिंकला की नोव्हेंबरात बहुतेक वेळा त्याच्यासमोर कुणी उरत नाही. शाळेचा कर किती वाढवायचा हे ठरवणारी माणसं मे महिन्यातच निवडली जातात. त्या दिवशी तू घरी बसणार.

भाची : म्हणजे मत हवं असेल तर आधी पक्षाचं नाव लावून घे. ही अटच मला मान्य नाही. प्रायमरीचा खर्च माझ्याही करातून होतो. पेनसिल्व्हेनियात दहा लाखांहून जास्त मतदार कुठल्याच मोठ्या पक्षात नाहीत. त्यांनी पैसे द्यायचे आणि बाहेर उभं राहायचं?

आत्या : अट चुकीची असेल. पण ती आज आहे, आणि निवडणूकही याच वर्षी आहे. शिवाय पक्षात नोंदणी म्हणजे तू समजतेस तसं काही नाही. वर्गणी नाही, पक्षाच्या विचारांची शपथ नाही, कुणी व्हिप काढत नाही. भारतातल्या पक्षाचं सभासदत्व आणि इथली नोंदणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तू खूण करतेस, एवढंच.

भाची : खूण एवढीच असती तर मी वाद घातला नसता. माणूस एकदा 'आमचा पक्ष' म्हणाला की त्याचं डोकं वकिलासारखं चालायला लागतं. आमच्यातल्यानं केलं तर नाइलाज, त्यांच्यातल्यानं केलं तर पाप. जॉर्ज वॉशिंग्टननं 1796 च्या निरोपाच्या संदेशात याच वृत्तीबद्दल सावध केलं होतं. आणि महाराष्ट्रात हे घडताना तर मी बघितलंच आहे. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. आयुष्यभर एका चिन्हावर मत देणारी माणसं विचारत होती, आता आपण कुणाचे? ज्या पक्षाला मन वाहिलं तो पक्षच जागेवर राहिला नाही.

आत्या : त्या माणसांचं दुःख खरं आहे. पण ती अगतिक का झाली, याचाही विचार कर. उमेदवार कोण, नेता कोण, फुटीनंतर कुठल्या गटाला खरा मानायचं, यातलं काहीच त्यांना विचारलं गेलं नव्हतं. तिकीट वरून ठरतं, चिन्हाचा निकाल निवडणूक आयोग देतो. निष्ठा मतदारांची आणि निर्णय दुसऱ्यांचे, हे त्यांचं दुखणं होतं. इथे प्रायमरीमुळे निदान उमेदवार निवडायचा निर्णय मतदाराच्या हातात आहे. तिकडच्या मतदाराला जे कधी मिळालं नाही, ते तू आपणहून सोडतेयस.

भाची : हा मुद्दा मला लागला. पण त्या निर्णयाला किंमत किती? प्रायमरीला येतात थोडे, आणि त्यातले बरेच कडवे. त्यांना खूश करणारा उमेदवार निवडून येतो.

आत्या : थोडे येतात म्हणूनच एकेका मताला वजन आहे. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मतदारसंघात अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी जो क्रॉली यांना हरवलं. क्रॉली 1999 पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत होते, पक्षाच्या वरच्या फळीत होते. मतदारसंघाची लोकसंख्या सुमारे सात लाख, आणि त्या प्रायमरीत एकूण मतं तीस हजारांच्याही आत. त्याआधी 2014 मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृहातले नेते एरिक कँटर असेच प्रायमरीत पडले. हे निकाल तुला आवडोत न आवडोत. पण बलाढ्य नेत्याला घरी कुणी पाठवलं? प्रायमरीत उतरलेल्या सामान्य मतदारांनी.

भाची : आणि कडव्यांची गर्दी?

आत्या : समंजस माणसं रकाना कोरा ठेवून घरी बसली, तर गर्दी कडव्यांचीच दिसणार. तुझ्यासारख्यांच्या गैरहजेरीचा दोष पक्षावर ढकलू नकोस.

भाची : बरं, मग दुसऱ्या बाजूनं बघू. व्हर्जिनियाचं नाव तूच घेतलंस. तिथे नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकानाच नाही. मिशिगनमध्येही नाही. मिशिगनच्या ऑगस्टच्या प्रायमरीत मतदार मतपत्रिकेवर एका पक्षाची बाजू निवडतो, आणि कुठली निवडली हे त्याचं त्यालाच ठाऊक. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइटच्या भागातून अशाच प्रायमरीतून पुढे आले आणि काँग्रेसमध्ये पोचले. तिथले पक्ष बुडाले का? मग पेनसिल्व्हेनियात माझ्याकडून लेखी कबुली का हवी?

आत्या : कारण पक्ष ही माणसांची संघटना आहे. आपला उमेदवार कोण हे आपल्यातल्यांनीच ठरवायचं, असं म्हणण्याचा तिला हक्क आहे. कॅलिफोर्नियानं कुठल्याही मतदाराला कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायची मोकळीक दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली ती पद्धत याच कारणावरून रद्द केली. भजनी मंडळाचा अध्यक्ष गावातल्या सगळ्यांनी निवडायचा म्हटलं, तर भजन करणारे काय म्हणतील?

भाची : पण भजनी मंडळ गावाचा कारभार चालवत नाही! पक्षाची निवड हीच जर गावाची निवड ठरत असेल, तर ते मंडळ खासगी कसं? टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष नेमकं हेच म्हणत होता : आम्ही खासगी संघटना आहोत, प्रायमरीत फक्त गोऱ्यांना घेऊ. तिथे त्या काळी प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा. कृष्णवर्णीय माणसाला नोव्हेंबरचं मत होतं, पण त्याला अर्थ उरला नव्हता. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ कोर्टात गेले, वकील थर्गुड मार्शल त्यांच्या बाजूनं लढले, आणि 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी निवडणुकीचाच भाग झालेल्या प्रायमरीत पक्षाला असा भेदभाव करता येणार नाही.

आत्या : तुझी आणि त्यांची तुलना होणार नाही. त्यांना रंगावरून बाहेर ठेवलं होतं. तू एका खुणेसरशी आत येऊ शकतेस.

भाची : तुलना अन्यायाची करत नाहीये, तसं केलं तर त्यांचा अपमान होईल. मी तत्त्वापुरतंच बोलतेय. जिथे खरा निर्णय होतो तिथे नागरिकाला जागा हवी.

आत्या : तत्त्व मान्य. पण लॉनी स्मिथना त्या निकालातून काय मिळालं? प्रायमरीत मत. ज्या पक्षानं त्यांना हाकललं होतं त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचा हक्क त्यांनी लढून मिळवला. जिथे निर्णय होतो तिथे जायचं असतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

भाची : (थोडं थांबून) हो. पण सगळेच आत गेले तर नियम कशाला बदलतील? कोलोरॅडोत पक्षाबाहेरच्या मतदारांची संख्या वाढत गेली, आणि 2016 मध्ये तिथल्या जनतेनं त्यांना प्रायमरी खुली केली. बाहेर उभ्या असलेल्यांच्या संख्येलाही राजकीय बळ असतं. तू मला या वर्षीच्या एका मताचा हिशोब सांगतेस. मी पुढच्या वीस वर्षांचा करतेय.

आत्या : आता तू माझ्या तर्काचा दुबळा भाग धरलास. खरंच, माझ्यासारख्यांनी कित्येक वर्षं नियम आहे तसा वापरला. तो बदलायची आम्हाला गरजच वाटली नाही. पण एक विचारते. 2024 मध्ये प्रायमरी खुली करण्याचे प्रस्ताव बऱ्याच राज्यांत मतदानाला आले आणि बहुतेक ठिकाणी पडले. दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना ते नको होते. हा विरोध मोडायला आतलीच माणसं लागतील ना?

भाची : लागतील. पण आत गेल्यावर माणसाला बाहेरच्यांची आठवण राहत नाही, हे तुझ्याच बोलण्यातून निघालं.

आत्या : निघालं खरं. आता तू सांग, रकाना कोरा ठेवला की मन कोरं राहतं का? अमेरिकेत चाळीस टक्क्यांहून जास्त लोक पाहणीत स्वतःला इंडिपेंडंट म्हणवतात. पण 1992 साली काही राज्यशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं की त्यातले बहुतेक एका पक्षाकडे झुकलेले असतात आणि मतदान जवळजवळ पक्षवाल्यांसारखंच करतात. म्हणजे फॉर्मवर स्वतंत्र, मतपेटीपाशी पक्षाचे. मला उलटं चालेल : फॉर्मवर पक्षाची, मतपेटीपाशी स्वतंत्र.

भाची : पण पटत नसलेल्या पक्षाचं नाव नुसतं प्रायमरीसाठी लावणं, हे खोटं नाही का?

आत्या : समोरच्यांचा दुबळा उमेदवार निवडून आणायला त्यांच्यात शिरलीस, तर ते कपट आहे. पण एकाच पक्षाचं राज्य असलेल्या शहरात, त्यातल्या त्यात चांगला माणूस निवडायला नाव लावलंस, तर तू कुणाला फसवलंस? फॉर्म तुझी श्रद्धा विचारत नाही. कुठल्या निवडीत भाग घ्यायचाय, एवढंच विचारतो. हेतू प्रामाणिक असला की खूणही प्रामाणिक.

भाची : आणि बाहेर कधी पडायचं? की मरेपर्यंत तिथेच?

आत्या : कर, शाळा, आरोग्य, युद्ध, यांवर मतभेद झाला तर मी आत राहून भांडेन. पण आपण हरलो तर हार मान्य करायची, प्रत्येकाचं मत मोजायचं, हा खेळाचाच नियम पक्ष मोडायला लागला, तर त्या दिवशी मी नाव काढेन.

भाची : मला उलट वाटतं. त्याच दिवशी तुझ्यासारख्यांची आत सर्वांत जास्त गरज असते. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली हेच मांडलं. संस्था बिघडली की दर्ज्याची सर्वांत जास्त चाड असलेली माणसं आधी बाहेर पडतात, आणि मागे तिला सावरणारं कुणी उरत नाही.

आत्या : अगं, आता तू माझीच बाजू घेतेयस.

भाची : आणि तू माझी. म्हणजे निष्ठा विरुद्ध स्वातंत्र्य असा हा प्रश्नच नव्हता. निघून जाण्याची तयारी नसलेल्याचं कुणी आत ऐकत नाही. आणि आत कधी बोललाच नाही, त्याच्या निघून जाण्याचं कुणाला काही वाटत नाही.

आत्या : मग?

भाची : मी पक्षात नोंदणी करते. पण तीन गोष्टी स्वतःशी ठरवून. एक, प्रत्येक प्रायमरीला मत द्यायचं. एरवी त्या नोंदणीला अर्थ नाही. दोन, नोव्हेंबरात प्रत्येक पदासाठी उमेदवार बघून मत द्यायचं, पक्षाचं नाव बघून नाही. तीन, आपल्या पक्षाची चूक दिसली तर ती आपल्याच माणसांसमोर बोलून दाखवायची. तिन्ही जमेनाशा झाल्या, तर रकाना रिकामा करायचा.

आत्या : चौथी माझ्याकडून घे, आणि ती दोघींसाठी. आपल्या आमदाराला पत्र लिहू, की ही प्रायमरी पक्षाबाहेरच्यांनाही खुली करा.

भाची : त्यानं तुझ्या मताचं वजन कमी होईल, आत्या.

आत्या : होऊ दे. मतदानाचा हक्क मला एकटीला बळकट करायला दिलेला नाही. आत बसून बाहेरच्यांना आत घ्यायला मी विरोध करणार असेन, तर ती माझी पक्षनिष्ठा नव्हे, मक्तेदारी झाली. आणि तुझ्यासारखी दहा लाख माणसं आत आल्यावर माझा उमेदवार हरणार असेल, तर तो हरलेलाच बरा.